तुटलेल्या जोडणीची निरवानिरव
असमकालिक संगणक-जाल प्रणालींतील त्रुटी-व्यवस्थेचा परिचय

दाखले, उतारे, शिष्यवृत्तीचे अर्ज, देयके आणि बँकांचे व्यवहार ही कामे आता मोठ्या प्रमाणावर संगणक-जालामार्फत होतात. ही यंत्रणा सुरळीत चालते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती थांबली म्हणजे मात्र खिडकीसमोर रांग लागते आणि ‘सर्व्हर बंद आहे’ एवढेच उत्तर नागरिकाच्या वाट्याला येते. पुष्कळदा सर्व्हर बंद नसतोच. वीज असते, यंत्र चालू असते, तारही शाबूत असते. तरी नवी मागणी स्वीकारली जात नाही. तुटलेल्या जोडण्यांची वेळेवर न झालेली निरवानिरव, हे अशा प्रसंगी वारंवार आढळणारे एक कारण होय.

हा विषय वरवर पाहता केवळ संगणक-अभियंत्यांचा वाटतो. तथापि प्रणालीची मागणी नोंदविणारे, ती तपासून स्वीकारणारे आणि तिच्यावर अवलंबून असणारे लोक अभियंते नसतात. यंत्रणा कशी चालते यापेक्षा ती बिघडते तेव्हा काय करते, हे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे. त्यासाठी लागणारी मूलतत्त्वे येथे मांडली आहेत.

एक कारकून, अनेक खिडक्या

दोन संगणकांमध्ये माहितीची देवाणघेवाण होण्यापूर्वी त्यांच्यात एक जोडणी प्रस्थापित व्हावी लागते. बहुतांश व्यवहारांत ही जोडणी ‘टीसीपी’ या नियमसंहितेनुसार होते. सप्टेंबर १९८१ मध्ये या संहितेचा प्रमाण मसुदा प्रसिद्ध झाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मधल्या चार दशकांत तिचा गाभा बदललेला नाही.

सर्व्हरकडे एकाच वेळी हजारो जोडण्या असतात. प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र कामगार नेमणे, ही जुनी व सोपी पद्धत होय. परंतु अशा प्रत्येक कामगारास स्मृतीची जागा लागते, आणि त्याचा बहुतेक वेळ समोरून उत्तर येण्याची वाट पाहण्यातच जातो. म्हणून दुसरी पद्धत पुढे आली. एकच कारकून सर्व खिडक्यांवर नजर ठेवतो. ज्या खिडकीवर कागद येईल तेथे जाऊन तेवढे काम उरकतो आणि लगेच पुढच्या खिडकीकडे वळतो. कोठेही तो वाट पाहत थांबत नाही. या पद्धतीस असमकालिक पद्धती म्हणतात, आणि खिडक्यांवरून फिरणाऱ्या या चक्रास ‘इव्हेंट लूप’ असे नाव आहे.

या पद्धतीस आधारभूत असलेली ‘सिलेक्ट’ ही सोय १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीत आली. एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळावेत, हा प्रश्न १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी ठळकपणे मांडला. त्यानंतर फ्री-बीएसडी प्रणालीत ‘केक्यू’ आणि लिनक्स प्रणालीत ‘ईपोल’ या अधिक कार्यक्षम सोयी झाल्या. त्यांच्या आधारे कार्यक्रम लिहिणाऱ्यास आयत्या उपयोगी पडतील असे आज्ञावलींचे संग्रह, म्हणजेच लायब्ररी, तयार झाल्या. पायथन भाषेतील ‘ट्विस्टेड’, २००९ मध्ये रायन डाल यांनी पुढे आणलेली ‘नोड डॉट जेएस’ आणि २०१४ मध्ये पायथनच्या ३.४ आवृत्तीत समाविष्ट झालेली ‘असिंक-आयओ’ ही त्यांची परिचित उदाहरणे होत.

त्रुटी कोणाला कळवावयाची?

साध्या कार्यक्रमात एक काम दुसऱ्या कामास बोलावते आणि ते पुरे होईपर्यंत थांबते. त्यात त्रुटी उद्भवली, तर ती बोलावणाऱ्याकडेच परत जाते. कनिष्ठाने अडचण सांगावी आणि वरिष्ठाने निर्णय द्यावा, अशी ही सरळ साखळी आहे.

असमकालिक पद्धतीत ही साखळी तुटते. काम सोपविणारा ते सोपवून पुढे निघून गेलेला असतो. काही वेळाने त्रुटी उद्भवते, तेव्हा ती ऐकून घेण्यास जागेवर कोणीच नसते. अशी त्रुटी कोणाच्याही दप्तरी नोंद न होता विरून जाण्याचा धोका असतो. काम झाले नाही आणि झाले नाही हे कळलेही नाही, अशी दुहेरी हानी त्यातून होते.

यावर निरनिराळ्या लायब्ररींनी निरनिराळे उपाय योजले. ट्विस्टेडमध्ये सोपविलेल्या प्रत्येक कामाबरोबर दोन मार्ग नेमून देता येतात : एक यशाचा, दुसरा अपयशाचा. नोड डॉट जेएसमध्ये एखाद्या जोडणीने त्रुटीची सूचना दिली आणि ती ऐकणारा कोणीही नेमलेला नसला, तर संपूर्ण कार्यक्रमच थांबतो. पुढे पूर्ण व्हावयाच्या कामाचे अपयश हाताळण्याची तजवीज नसल्यास पूर्वी केवळ इशारा मिळत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीपासून अशा वेळीही कार्यक्रम थांबविण्याचा नियम झाला. हा नियम कठोर वाटला तरी त्यामागील विचार योग्य आहे. चूक झाकून चालू राहणाऱ्या यंत्रापेक्षा चूक दाखवून थांबणारे यंत्र दुरुस्त करणे सोपे असते.

असिंक-आयओमध्ये या बाबतीत एक सूक्ष्म अडचण आहे. सोपविलेल्या कामाची पक्की नोंद इव्हेंट लूप स्वतः ठेवत नाही. ती काम सोपविणाऱ्याने ठेवावयाची असते. तशी नोंद ठेवली नाही, तर चालू असलेले काम निरुपयोगी समजून मध्येच स्मृतीतून पुसले जाऊ शकते. आवक-जावक नोंदवहीत न चढलेला कागद जसा पुढे कोणासही सापडत नाही, तसाच हा प्रकार आहे.

जोडणी संपण्याचे तीन प्रकार

जोडणी तीन प्रकारांनी संपते. पहिला प्रकार रीतसर समाप्तीचा. एक बाजू ‘माझे पाठविणे संपले’ अशी सूचना देते, दुसरी ती पोचल्याची पावती देते आणि आपले काम आटोपल्यावर तशीच सूचना उलट पाठविते. दुसरा प्रकार अचानक तोडण्याचा. समोरचा कार्यक्रम कोसळला किंवा त्याने जोडणी नाकारली, तर ‘रीसेट’ हा संदेश येतो आणि जोडणी तत्काळ संपते. तिसरा प्रकार शांततेचा. समोरची वीज जाते, तार तुटते किंवा वाटेतील यंत्र काही न कळविता जोडणी विसरते. अशा वेळी कोणतीही सूचना येत नाही. या बाजूच्या दृष्टीने जोडणी जिवंतच असते. ती केवळ बोलत नसते.

पहिल्या दोन प्रकारांची दखल चांगल्या लायब्ररी घेतात. ट्विस्टेड आणि असिंक-आयओ या दोहोंत एक करार पाळला जातो : जोडणी झाली ही सूचना एकदाच मिळेल, आणि जोडणी संपली ही सूचनाही एकदाच मिळेल. समाप्तीच्या सूचनेसोबत तिचे कारणही दिले जाते. रीतसर समाप्ती झाली की जोडणी तुटली, हे त्यावरून कळते. निरवानिरवीचे सारे काम या एका जागी करता येत असल्यामुळे हा करार फार मोलाचा आहे. एखादी नोंद दोनदा रद्द होणे जितके वाईट, तितकेच ती कधीच रद्द न होणे वाईट.

जोडणी बंद करण्याचेही दोन मार्ग उपलब्ध असतात. एका मार्गात पाठवावयाची राहिलेली माहिती आधी रवाना होते आणि नंतर जोडणी बंद होते. दुसऱ्या मार्गात उरलेली माहिती टाकून देऊन जोडणी तत्क्षणी तोडली जाते. पहिला मार्ग नेहमीचा, दुसरा आपत्कालीन. मात्र पहिला मार्ग पत्करल्यावर ‘बंद करा’ असे सांगणे आणि बंद होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. असिंक-आयओमध्ये म्हणूनच बंद करण्याच्या आज्ञेनंतर ती पूर्ण होईपर्यंत वाट पाहण्याची वेगळी आज्ञा २०१८ मध्ये ३.७ आवृत्तीत देण्यात आली.

निरवानिरव न झाल्यास

प्रत्येक उघड्या जोडणीस संचालन-प्रणाली एक क्रमांक देते. असे किती क्रमांक एका कार्यक्रमास मिळावेत, यास मर्यादा असते. लिनक्स प्रणालीत ही प्रारंभिक मर्यादा सामान्यतः १,०२४ असते. ती वाढविता येते, पण अमर्याद करता येत नाही. समोरच्या बाजूने समाप्तीची सूचना दिली आणि या बाजूच्या कार्यक्रमाने आपली बाजू बंद केलीच नाही, तर ती जोडणी ‘क्लोज-वेट’ या अवस्थेत अडकून राहते. तिला आपोआप लागू होणारी मुदत नाही. कार्यक्रम ती बंद करीपर्यंत किंवा स्वतः थांबेपर्यंत क्रमांक अडकलेलाच राहतो.

या गळतीचे गणित उद्बोधक आहे. समजा, एका सर्व्हरवर दर सेकंदास २० जोडण्या होतात आणि त्यांतील हजारात एक जोडणी त्रुटीच्या प्रसंगी बंद करावयाची राहून जाते. म्हणजे दर ५० सेकंदांस एक क्रमांक अडकतो. १,०२४ क्रमांक संपण्यास ५१,२०० सेकंद, म्हणजे सुमारे १४ तास १३ मिनिटे लागतील. सकाळी ६ वाजता सुरू केलेले यंत्र रात्री ८ च्या सुमारास नवी जोडणी नाकारू लागेल. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की सर्व क्रमांक मोकळे होतात आणि काम पूर्ववत चालते. म्हणून ‘पुन्हा सुरू करा’ हाच उपाय रूढ होतो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. चाचणीच्या तासाभरात हा दोष दिसत नाही, कारण तासाभरात अवघे ७२ क्रमांक अडकतात.

याच्याशी मिळत्याजुळत्या नावाची ‘टाइम-वेट’ ही अवस्था मात्र दोष नव्हे. ज्या बाजूने जोडणी प्रथम बंद केली, ती बाजू उशिरा पोचणारे जुने संदेश नव्या जोडणीत मिसळू नयेत म्हणून काही काळ जुनी नोंद जपते. लिनक्समध्ये हा काळ ६० सेकंदांचा आहे. तेथे बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी सामान्यतः ३२,७६८ ते ६०,९९९ हे २८,२३२ द्वार-क्रमांक राखलेले असतात. एकाच ठिकाणी वारंवार नवी जोडणी करून ती स्वतःच बंद करणाऱ्या यंत्रास त्यामुळे सेकंदास सुमारे ४७० जोडण्यांची मर्यादा पडते. यावर उपाय म्हणजे ही नोंद मोडीत काढणे नव्हे. एकदा केलेली जोडणी जपून पुन्हा वापरणे, हा योग्य मार्ग होय.

मुदतीचे महत्त्व

शांततेचा जो तिसरा प्रकार वर सांगितला, त्यावर मुदत हाच उपाय आहे. टीसीपीमध्ये मूक जोडणीची चाचपणी करण्याची सोय आहे. परंतु ती मागितल्याशिवाय चालू होत नाही. चालू केली तरी लिनक्समध्ये ठरावीक मापांनुसार प्रथम ७,२०० सेकंद वाट पाहिली जाते आणि नंतर ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारणा होते. म्हणजे समोरचे यंत्र नाहीसे झाल्याचे कळण्यास २ तास ११ मिनिटे लागतात. पाठविलेल्या माहितीची पावती येत नसेल, तरीही जोडणी सोडून देण्यास साधारण १५ मिनिटे जातात. खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ही दोन्ही मापे निरर्थक आहेत.

म्हणून प्रत्येक प्रतीक्षेस कार्यक्रमाने स्वतः मुदत घालावी लागते : जोडणी होण्यासाठी, उत्तराचा पहिला अंश येण्यासाठी आणि संपूर्ण काम पुरे होण्यासाठी. केवळ टप्प्याटप्प्यांच्या मुदती पुरेशा नाहीत. दर काही सेकंदांनी एकेक अक्षर पाठवून जोडणी अडवून ठेवता येते. २००९ मध्ये उजेडात आलेल्या ‘स्लो-लोरिस’ या हल्ल्यात याच उणिवेचा फायदा घेण्यात आला. एकूण कामास मुदत असेल, तर असा अडवणारा ग्राहक ठरल्या वेळी बाहेर निघतो.

रद्द करणे आणि जबाबदारीची साखळी

मुदत संपली म्हणजे चालू काम रद्द करावे लागते. आणि रद्द झालेल्या कामाने उघडलेली जोडणी, घेतलेले कुलूप व अर्धवट नोंद यांची निरवानिरव होणे आवश्यक असते. बहुतेक भाषांत ‘काहीही झाले तरी शेवटी हे करा’ असे सांगणारा भाग कार्यक्रमात लिहिता येतो. जोडणी बंद करण्याची जागा तीच होय. यशाच्या वाटेवर बंद करण्याची आज्ञा लिहून अपयशाच्या वाटेवर ती विसरणे, ही गळतीमागील सर्वांत सामान्य चूक आहे.

दुसरी चूक अतिदक्षतेतून होते. प्रत्येक त्रुटी पकडून गिळून टाकणारा कार्यक्रम रद्द होण्याची सूचनाही गिळतो आणि मग तो थांबतच नाही. पायथनमध्ये रद्द होण्याची सूचना पूर्वी सामान्य त्रुटींच्या वर्गातच मोडत असे. त्यामुळे हा घोटाळा वारंवार होई. ऑक्टोबर २०१९ मधील ३.८ आवृत्तीपासून तिला सामान्य त्रुटींपासून वेगळे करण्यात आले.

तुटलेली साखळी पुन्हा जोडण्याचा विचार त्यानंतर अधिक व्यवस्थित रीतीने पुढे आला. मार्टिन सुस्ट्रिक यांनी २०१६ मध्ये ‘संरचित समवर्तित्व’ या अर्थाची संज्ञा योजली, आणि नॅथॅनियल स्मिथ यांनी ‘ट्रायो’ या लायब्ररीतून तिला व्यवहार्य रूप दिले. तिचे तत्त्व सोपे आहे : ज्याने उपकामे सुरू केली, त्याने ती सर्व संपल्याखेरीज स्वतः संपू नये, एक उपकाम फसले, तर उरलेली रद्द करावीत आणि त्रुटी वर कळवावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायथनच्या ३.११ आवृत्तीत ‘टास्क-ग्रुप’ या नावाने हीच सोय असिंक-आयओमध्ये आली. एकाच वेळी उद्भवलेल्या अनेक त्रुटी एकत्र कळविण्याची व्यवस्थाही तीत आहे. प्रत्येक कामास धनी असावा, हा प्रशासनातील जुना नियम येथे संगणकाच्या भाषेत लिहिला गेला आहे.

पुन्हा प्रयत्न करताना

जोडणी तुटल्यावर पुन्हा प्रयत्न करणे स्वाभाविक आहे. पण तो अविचाराने केल्यास हानी होते. मागणी पाठविल्यावर उत्तर येण्यापूर्वी जोडणी तुटली, तर मागणी पोचलीच नाही की काम होऊन केवळ उत्तर हरवले, हे पाठविणाऱ्यास कळू शकत नाही. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ या नावाने मांडलेली अडचण याच जातीची आहे. निरोप्या वाटेत मारला जाण्याची शक्यता असेल, तर कितीही निरोप धाडले तरी दोन्ही सेनापतींना पूर्ण खात्री मिळत नाही.

पैशाच्या व्यवहारात ही अनिश्चितता प्रत्यक्ष जाणवते. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयक निगमाने २०१६ मध्ये यूपीआय सेवा सुरू केली. देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण घेणाऱ्याच्या खात्यात जमा झाली नाही, असे प्रसंग अशा सेवांत उद्भवतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने मुदती ठरवून दिल्या. यूपीआयद्वारे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठविलेली अशी रक्कम व्यवहारानंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करावी; विलंब झाल्यास दर दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी, असे त्यात नमूद आहे. जोडणी तुटणार हे गृहीत धरून तिच्या परिणामांची जबाबदारी निश्चित करण्याचे हे चांगले उदाहरण होय.

तांत्रिक उपाय दोन आहेत. पहिला, प्रत्येक मागणीस एकमेव क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हरने काम पुन्हा न करता आधीचेच उत्तर द्यावे. असे केल्यास अर्ज दोनदा चढत नाही व रक्कम दोनदा कापली जात नाही. दुसरा, दोन प्रयत्नांतील अंतर प्रत्येक वेळी वाढवीत न्यावे आणि त्यात थोडा अनियमितपणा ठेवावा. सर्व ग्राहकांनी एकाच क्षणी पुन्हा धाव घेतली, तर नुकताच सावरलेला सर्व्हर पुन्हा कोसळतो.

स्वीकृतीपूर्वी तपासावयाच्या बाबी

प्रणाली स्वीकारताना पुढील बाबी प्रत्यक्ष करून पाहाव्यात :

१. काम चालू असताना एका बाजूची तार काढावी. किती वेळात त्रुटी कळते व नागरिकास कोणता संदेश दिसतो, याची नोंद घ्यावी.

२. उघड्या जोडण्यांची संख्या निदान दोन-तीन दिवस तासागणिक नोंदवावी. रहदारी ओसरल्यावर ती मूळ पातळीवर यावयास हवी. ती पायरीपायरीने चढत असेल, तर गळती आहे असे समजावे.

३. प्रत्येक बाह्य सेवेसाठी ठेवलेली मुदत लेखी मागावी. ‘मुदत नाही’ हे उत्तर स्वीकारू नये.

४. मागणी पाठवून उत्तरापूर्वी जोडणी तोडावी आणि तीच मागणी पुन्हा पाठवावी. नोंद एकच व्हावी.

५. कार्यक्रम बंद करण्याची आज्ञा दिल्यावर तो नवी कामे घेणे थांबवून हातातील कामे पुरी करतो का, हे पाहावे.

६. त्रुटींची नोंद कोठे होते, ती कोण वाचतो आणि किती दिवस जपली जाते, हे विचारावे.

यांपैकी एकाही बाबीसाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनाही कारकून व खिडक्या यांच्या उदाहरणावरून हा विषय विद्यार्थ्यांपुढे सहज मांडता येईल.

जाल हे तुटणारच. वीज, तार, यंत्र आणि माणूस यांपैकी काहीतरी केव्हातरी निकामी होते. चांगल्या लायब्ररी त्यासाठी साधने पुरवितात. ती वापरण्याची शिस्त कार्यक्रम लिहिणाऱ्याने पाळावयाची असते आणि ती पाळली गेली की नाही, हे स्वीकारणाऱ्याने पाहावयाचे असते. दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागणार की नाही, हे अनेकदा या एका तपासणीवर अवलंबून असते.